हेमलतेचा पत्ता

हट्ट्याच्या देवळात पोथी वाचणाऱ्या बंडोपंतांना जन्मभर एकच काम मनासारखं आलं: दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडात वेळेवर घालणं. गोदाविलासी नाटक मंडळी चालू होती तोवर ते तिचे प्रॉम्प्टर होते. विंगेत कापडाच्या आड, अंगावर कधी उजेड न घेता ते उभे राहायचे. पण त्यांचा आवाज! पहिल्या रांगेतल्या शेठजीला कधी ऐकू गेला नाही आणि रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला अडखळलेल्या नटाच्या कानात मात्र नेमका जाऊन पडला. ओठ हलताना कुणी पाहिले नाहीत. मोठमोठे राजे सिंहासनावर बसून त्यांच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत, आणि पंत त्यांना राज्य कसं करायचं ते सांगत.

पुढे बोलपट आले, गावोगावचे तंबू ओस पडले आणि कंपनी मोडली. ज्याचं त्याचं गाव ज्याला त्याला आठवलं. कंपनीचं सामान वाहणारी थोरली गाडी वसराम गाडीवानाकडे राहिली. वसराम लमाणाच्या तांड्यातला. त्याच्या आज्याच्या काळापासून घर म्हणजे बैलाच्या मागे चालणारी वस्तू. त्यानं गाडीवर बांबूच्या कमानी रोवल्या, त्यांवर कंपनीचा डोंगराचा पडदा ताणून बांधला, आत दोन माणसांना आडवं होता येईल असा माच केला, शेगडी ठेवली, घागर बसवायला खाच केली. झालं चालतं घर! दरवर्षी माघात, ज्वारी काढणीला यायच्या आधी, बंडोपंत, त्यांच्या पत्नी कालिंदीबाई आणि वसराम त्या घरासकट बाहेर पडायचे आणि पांगलेल्या मित्रांची दारं हिंडून यायचे. औंढ्याला तबला वाजवणारा रामकिशन, हिंगोलीला पेटीवाला, कळमनुरीच्या बाजारात खलनायक, आता गुळाची अडत चालवणारा. मग वारंग्यावरून फिरून घरी.

सन अठ्ठेचाळीसचा माघ मात्र निराळा होता. निजामी मुलखात टोळ्यांची धास्ती पसरली होती. अमक्या गावाला आग लावली, तमक्या गावची माणसं रात्रीत पैनगंगेपल्याड गेली, अशा बातम्या पाणवठ्यावर येत. अनोळखी माणूस दिसला की आधी काठी उगारायची आणि मग नाव विचारायचं, अशी रीत पडली होती.

"या साली राहू द्या," कालिंदीबाई म्हणाल्या. "लोक घराबाहेर पडेनात आणि आपण देवदर्शनाला निघाल्यासारखं निघायचं?"

"पुढच्या साली माझा दमा मला निघू देईल का?" पंत म्हणाले.

"वसराम, तू तरी सांग रे यांना."

"म्या सांगून राहिलो, बाई," वसराम बैलांच्या मानेवर हात फिरवत म्हणाला. "पंत म्हन्तेत, तू न्हाई आला तर मी एकटा गाडी हाकतो. यांनी हाकली तर बैल घरला येतील, पंत येनार न्हाईत."

पंतांनी या खेपेला मनाशी एक ठरवलं होतं. कंपनी मोडली त्या दिवशी कपडेपटाची एक पेटी त्यांनी सांभाळून आणली होती. ज्यानं जे अंगावर घालून टाळ्या घेतल्या ते त्याचं त्याला परत द्यायचं. रामकिशनला औंढ्यात त्याचा जरीचा फेटा दिला तेव्हा तो भर आळीत फेटा बांधून बसला आणि बायकोला म्हणाला, "आज भाकरी ताटात वाढ, हातावर नको."

औंढा मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. मंडळी, डोंगर पाहावे ते गाडीच्या मागल्या तोंडातून, पाय खाली सोडून! वळण आलं की एक डोंगर निघून जातो आणि दुसरा येऊन उभा राहतो, कुणी दोरी ओढल्यासारखा. साग निष्पर्ण झाला होता, वाळल्या गवतावर ऊन लोळत होतं आणि मधूनच एखादा पळस पेटला होता. गाडीवरच्या पडद्यातले डोंगर मात्र निळे, त्यांच्या माथ्यावर बर्फ. रंगवणाऱ्यानं कुठल्या तरी विलायती चित्रावरून काढलेले.

"तुमच्या डोंगरापेक्षा हा बरा," कालिंदीबाई म्हणाल्या. "याला उंदरांनी भोकं पाडलेली नाहीत."

पंत हसले खरे, पण त्यांचं लक्ष पुढच्या वाटेकडे होतं. याच डोंगरात खडकवाडी म्हणून गाव होतं. कंपनीची नायिका तिथली. दहा-अकरा वर्षांत तिची गाठ पडली नव्हती, कारण गाव आडवाटेला आणि गाडी अवजड. या साली तिचं तिला परत द्यायचं म्हणून पंतांनी वसरामला हट्टानं ही वाट धरायला लावली होती.

दुपार कलली तसं एका वळणावर वाटेत आडवं टाकलेलं खोड दिसलं. वसरामनं बैल आवरले. त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या खडकांमागून माणसं उठली. हातांत काठ्या, कमरेला गोफणी. पंधरा-वीस तरी असतील. सगळ्यांत पुढचा पोरसवदा जवान गाडीच्या जोखडावर काठी ठेवून उभा राहिला. त्याला बाकीचे किसनसिंग म्हणून हाक मारत होते.

"कुठली गाडी?"

"हट्ट्याची," वसराम म्हणाला.

"कोनाकडं निघाले?"

आता इथं वसरामनं उत्तर दिलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. तो म्हणाला असता, पुढं हिंगोलीला. पण पंतांनी मान बाहेर काढली आणि अत्यंत प्रेमानं म्हणाले, "आम्ही हेमलतेकडे आलो. हेमलता इथंच राहते ना?"

कंपनीत कुणाला कुणाच्या खऱ्या नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. जी भूमिका गाजली ते नाव. जेवायच्या पंगतीत दुर्जनसिंग हेमलतेकडे चटणी मागे, आणि राजेसाहेबांना विडी आणायला धाडत. राणी हेमलतेचं काम करणारा गडी होता याच मातीतला शेतकरी पोरगा. पण सात वर्षं ज्याला हेमा म्हणून झोपेतून उठवलं त्याचं घरचं नाव पंतांच्या जिभेवर कसं यावं?

किसनसिंगाचा चेहरा बदलला. "कोन हेमलता? आमच्या गावात गोजराबाई हाय, शालूबाई हाय. हेमलता न्हाई. बाईमानसाचं नाव घेऊन गावात शिरून राहिले तुमी?"

"अरे, तसं नाही. गोरीपान आहे, नाजूक, आवाज अगदी..."

"पंत, गप ऱ्हावा," वसराम दातांत म्हणाला.

पण बाण सुटला होता. शेजारच्या गावातून एक बाई नाहीशी झाल्याची आवई चारच दिवसांपूर्वी डोंगरात फिरली होती. दोघांनी वसरामला खाली ओढलं. किसनसिंग गाडीत शिरला. शेगडी, पिठाचा डबा, वाकळ बाहेर पडली, आणि मग ती पेटी. झाकण उघडलं. वर होत्या दाढ्या. काळी, पांढरी, तांबूस. त्यांच्याखाली लाकडी तलवार, वर्ख लावलेली. किसनसिंगानं हात आणखी खाली घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीतून हातभर लांब, काळेभोर बाईचे केस लोंबत होते. केसांतच अडकलेली एक नथ.

काठ्या घेतलेले दोन पावलं पुढं सरकले. वाऱ्यानं पडद्याची कड फडफडली.

किसनसिंग कालिंदीबाईंकडे वळला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मावशे, भिऊ नको. खरं सांग. तुला पळवून आनलं का या मानसांनी?"

"यांनी?" कालिंदीबाईंनी वाकळ छातीशी धरली होती, पण तोंड त्यांचं शाबूत होतं. "हे काय पळवतात! लग्नात अंतरपाट धरला तर यांना धाप लागली होती. माझा नवरा आहे तो. नाटकातलं सामान आहे ते सगळं."

"नाटक!" मागून कुणी तरी म्हणालं. "टोळीवाले बी सोंगं घेऊनच येतेत. दाढ्या बघा की."

"बांधा यांना," दुसरा म्हणाला. "गाडी दरीत लोटा."

"थांबा," किसनसिंग म्हणाला. "सटवाजीदादा आल्याबिगर काई करायचं न्हाई. इंग्रजाच्या फौजेत व्हते दादा, नगरच्या छावनीत, सात सालं. हेर कसा वळखायचा त्यांना बराबर ठावं हाय. त्यांच्यामुळंच हे गाव जागेवर हाय. न्हाईतर आमी बी कवाच पैनगंगा वलांडली असती."

सटवाजी! नाव ऐकलं आणि पंतांच्या मनात काही तरी हललं, पण भीतीनं ते वर येऊ दिलं नाही. वसरामचे हात दाव्यानं बांधले गेले होते. कालिंदीबाई पिठाच्या सांडलेल्या डब्याशेजारी बसल्या होत्या. पंतांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्या हौसेपायी आपण दोन माणसं मारायला आणली.

सटवाजी आला. रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला, ओठ झाकून टाकणाऱ्या जाड मिशा, खांद्याला बंदूक. तो येताच पोरांनी काठ्या खांद्याला लावून दोन बाजूंना रांगा धरल्या. त्यानं आधी गाडीवरचा डोंगर पाहिला आणि तो थबकला. मग वसराम. मग पंत. मग किसनसिंगाच्या हातातले ते केस.

"हे हेर हायेत, दादा," किसनसिंग म्हणाला. "कोन्या हेमलतेला विचारून राहिले. सांगा, काय करायचं यांचं?"

सटवाजीच्या उजव्या हाताची करंगळी सावकाश वर गेली आणि नाकाच्या डाव्या बाजूला, जिथं नथ लोंबते तिथं, नसलेलं काही तरी सारखं करून खाली आली.

पंतांनी ती करंगळी ओळखली. सात वर्षं विंगेतून पाहिलेली खूण होती ती! हेमलता वाक्य विसरली की तिची करंगळी नथीकडे जायची. पाहणाऱ्यांना वाटे, काय लाजते! पंतांना कळे, वाक्य द्या.

हाच तो. एक हाक मारली की सुटलो. 'अरे हेमा!' एवढंच म्हणायचं.

पंतांनी तोंड उघडलं आणि मिटलं. समोर त्या दोन रांगा होत्या. फौजेतला शिपाई म्हणून त्या पोरांनी या माणसाच्या शब्दावर गाव धरून ठेवलं होतं, त्यांच्या बायका-लेकरं त्या भरवशावर निजत होती. तो लुगडं नेसून, नथ घालून पडद्यासमोर मुरडत होता, हे आज त्यांच्यासमोर उघडं करायचं? अशा दिवसांत?

"अहो, बोला ना," कालिंदीबाई कुजबुजल्या. त्यांनीही ओळखलं होतं. पंतांनी त्यांचा हात दाबला.

"दादा?" किसनसिंगानं पुन्हा विचारलं.

करंगळी पुन्हा नाकाकडे निघाली. आणि पंतांकडून ते आपसूक झालं. ओठ हलले नाहीत. आवाज धुळीसारखा जमिनीलगत गेला आणि एकाच माणसाच्या कानात उतरला: "फौजेतली ओळख म्हण."

सटवाजीची मान ताठ झाली. "वळखतो मी यांना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "फौजेतली वळख हाय."

सगळ्यांनी पंतांकडे पाहिलं. छातीचा पिंजरा, कमंडलू शोभावा असे हात.

"हे? फौजेत?"

"कारकून होते," कालिंदीबाई घाईनं म्हणाल्या.

किसनसिंगाच्या कपाळावरची आठी गेली नाही. "कारकून असतील. मंग हे केस कोन्या बाईचे? फौजेत बायका व्हत्या का? दादा, तुमचं मन मोठं हाय, तुमाला फसवून राहिलेत हे. हा गाडीवान सांगंल. दोन बसल्या की सांगंल."

त्यानं वसरामला मानेला धरून ओणवं केलं आणि काठी उचलली.

सटवाजीनं पंतांकडे पाहिलं. तसंच, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पंतांपाशी वाक्य होतं. तयार होतं. पण त्यांनी श्वास घेतला आणि तो आत गेलाच नाही. दमा छातीवर बसला. ते खोकत खोकत गाडीच्या चाकाला टेकले, डोळ्यांत पाणी आलं आणि शब्द एकही बाहेर पडेना. काठी वर गेली होती. वसरामनं डोळे मिटून घेतले.

"सोड त्याला," सटवाजी म्हणाला. "सोड म्हन्तो न्हवं! ते केस माजे हायेत."

किसनसिंगाला कळलंच नाही. काठी तशीच वर राहिली.

"माजे हायेत. ती नथ बी माजी. हेमलता म्हन्जे मीच." आता त्याचा घोगरेपणा गेला होता, खाली स्वच्छ, कोवळा म्हणावा असा आवाज होता, आणि गावानं तो कधी ऐकला नव्हता. "नाटक कंपनीत व्हतो मी, सात सालं. रानीचं काम करायचो. फौज मी डोळ्यांनी पाहिली न्हाई. हे पंत, ही वहिनी, हा वसराम. यांच्या ताटात जेवलो मी."

एक जण फिसकन हसला आणि बाकीचे हसत नाहीत हे पाहून गप्प झाला.

"मंग बंदूक?" किसनसिंगानं विचारलं.

"लाकडाची."

"आन ही कवायत? आमाला शिकवली ती?"

"दुसऱ्या अंकातली. राजाचे शिपाई करायचे. चौघंच व्हते, म्हून पडद्यामागून फिरून फिरून यायचे. बघनाराला फौज दिसायची."

किसनसिंगाच्या हातातली काठी खाली आली. तो हळू बोलला, आणि तेच जास्त भयंकर वाटलं. "आठ दिसांमागं टेकडीवर टोळी आली तवा तुमी आमाला तसंच फिरवलं. खडकामागून येयाचं, जायाचं, पुन्ना येयाचं."

"व्हय."

"माजा धाकला भाऊ पुढं उभा केला व्हता मी. तुमच्या भरवशावर. ते मागं फिरले म्हून. त्यांनी बंदुका झाडल्या असत्या तर?"

"मेला असता," सटवाजी म्हणाला. "मला ठावं व्हतं. त्या दिसापासून मला झोप न्हाई, किसन."

पंतांना श्वास सापडला होता, पण त्यांनी काही सुचवलं नाही. किसनसिंगानं ते केस पेटीत टाकले, नीट घडी घालून टाकावेत तसे, आणि झाकण लावलं.

"गस्त उद्यापासनं मी लावीन," तो म्हणाला. "तुमी येयाचं. पर मी सांगीन तिथं उभं ऱ्हायचं."

"ऱ्हाईन."

"आन या मानसांना इथं ठेवू नका. पोरांची डोकी तापलेली हायेत. खिंडीपल्याड दुसऱ्या गावची गस्त हाय. तिकडं तुमी सोता घेऊन जावा, आन कोन हायेत ते तुमीच सांगा."

वसरामचे हात सुटले. सांडलेलं पीठ कालिंदीबाईंनी ओंजळीनं वरवरचं भरून घेतलं. सटवाजीनं खोड बाजूला केलं, बैलांचा कासरा हातात घेतला आणि चढण सुरू झाली. गावची पोरं मागे उभी होती. कुणी परत रांग धरली नाही.

अर्ध्या चढावर सटवाजी मागे न बघता म्हणाला, "काहून आलात, पंत?"

"भेटायला."

"सांगावा तरी धाडायचा. लेकीचं लगीन ठरून राहिलं माज्या. आज दिवेलागनीपर्यंत ही गोष्ट तिच्या सासरी जाईल."

पंतांनी पेटीवर हात ठेवला. केस आणि नथ द्यायला आलो होतो, हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. खिंडीचा चढ संपत आला तसे पलीकडचे डोंगर एकामागे एक उघडत गेले, थेट पैनगंगेच्या बाजूपर्यंत, उन्हात तांबूस. एरवी पंतांनी गाडी थांबवली असती. आज कालिंदीबाईंनीही मान बाहेर काढली नाही.

"गोजराला ठावं हाय," सटवाजी आपणहून म्हणाला. "कंपनीत असतानाच लगीन झालं आमचं. लग्नाआधीच सांगितलं व्हतं. ती म्हनली, मला काय करायचं, नांगर धरता येतो न्हवं?"

वसराम हसला. मानेवर वळ उमटला होता, तो चोळत हसला.

खिंडीच्या तोंडाशी दगडांचा गडगा रचलेला होता. मागून काठ्या घेतलेले सात-आठ जण उठले. त्यांतला एक वयस्क माणूस पुढं आला आणि त्यानं बैलांच्या नाकासमोर काठी आडवी धरली.

"सटवाजी हाय का? आन हे कोन?"

पंत गाडीच्या तोंडाशी सरकले. त्यांच्यापाशी दोन वाक्यं होती, दोन्ही चांगली: देवदर्शनाला निघालेले नातेवाईक, किंवा औंढ्याचे पुजारी. लेकीचं लग्न आहे, या गावानं तरी कशाला ऐकायचं? त्यांनी सटवाजीच्या पाठीकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. हात कासऱ्यावर होता आणि तिथंच राहिला.

"माजे मैतर हायेत," सटवाजी म्हणाला. "नाटक कंपनीतले. मी रानीचं काम करायचो, हे पंत मला माजी वाक्यं सांगायचे."

वयस्क माणसानं त्याला पायापासून मिशांपर्यंत पाहिलं. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काठी अजून आडवीच होती.

"तू? रानी?"

"व्हय."

"कंच्या नाटकात?"

सटवाजीनं कासरा वसरामच्या हातात दिला, गडग्याच्या एका दगडावर बसला आणि सांगायला लागला.